आजोळची किल्ली

पलीकडच्या शहरातल्या एका कारखान्यात एक माणूस उभ्याउभ्या कोसळला आणि पुन्हा उठला नाही, तेव्हा लाँड्रीच्या मालकांना उन्हाळा नावाचा एक ऋतू असतो हे कळलं. तोवर त्यांच्या केबिनमध्ये तो कधी आला नव्हता.

लाँड्री मोठी होती. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे येत. उन्हाळा सोसत नाही म्हणून पैसेवाली माणसं तलावाकाठच्या हॉटेलांत जात, मनसोक्त पोहत, अंग पुसत, आणि त्यांचे ओले टॉवेल गाठोड्यांनी लाँड्रीत येऊन पडत. म्हणजे जितकी उष्णता वाढे तितकं काम वाढे, आणि जितकं काम वाढे तितकी लाँड्रीतली उष्णता. निसर्गाने इतका चोख हिशोब दुसरीकडे कुठे ठेवलेला नाही.

पत्र्याच्या छताखाली एका टोकाला धुण्याची यंत्रं, मग वाळवण्याचे ड्रम, आणि मधोमध रोलर. रोलर म्हणजे झाडाच्या बुंध्याएवढा लोखंडी दंडगोल. त्याच्या पोटात वाफ. अलीकडून दोन बायका ओली चादर त्याच्या तोंडी द्यायच्या, ती पलीकडून कडक इस्त्री होऊन निघायची. घामाचा थेंब चादरीवर पडला तर डाग उठतो आणि चादर परत धुवावी लागते. म्हणून रोलरवरची प्रत्येकजण कपाळाला जुन्या टॉवेलची पट्टी बांधायची. चादरीला घामापासून वाचवण्याची व्यवस्था अशी फार पूर्वीपासून चोख होती. माणसांचा विचार त्या वर्षी प्रथमच सुरू झाला.

सुरुवात व्याख्यानाने झाली. सरकारी कचेरीतून सुरक्षावाले साहेब आले. व्याख्यान वरच्या मजल्यावर, एसी लावलेल्या हॉलमध्ये होतं, त्यामुळे उपस्थिती भरघोस होती. साहेबांकडे सगळ्या ऋतूंचं आणि सुट्टीच्या दिवसांचं मिळून एकच व्याख्यान होतं. त्यांनी पडद्यावर बर्फावरून घसरलेला माणूस दाखवला. मग होडी उलटलेलं एक कुटुंब दाखवलं. भरल्या पोटी पोहू नये, अनोळखी पाण्यात सूर मारू नये, डोंगर चढताना टोपी घालावी, असं सगळं त्यांनी कळकळीने सांगितलं.

"साहेब," घड्यांच्या टेबलावरच्या वहिनींनी हात वर केला. त्या कुणाच्या भावाची बायको होत्या हे लाँड्रीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या सगळ्यांच्या वहिनी होत्या. "होडीत चक्कर आली तर काय करायचं ते समजलं. रोलरवर आली तर?"

"येतोच आहे त्या मुद्द्याकडे," साहेब म्हणाले. "उष्माघात. सुरुवातीला घाम येतो, गरगरतं. पण सगळ्यात वाईट लक्षण कोणतं, ते नीट ऐका—"

तेवढ्यात चहा आला. कपांचा आवाज, खुर्च्यांचा आवाज, "इकडे बिनसाखरेचा द्या" असा मॅनेजरांचा आवाज. साहेबांनी लक्षण सांगितलं, पण ते चहात विरघळून गेलं. तरी काळजीचं कारण नव्हतं, कारण हे सगळं छापलेलं एक पोस्टर ते भेट म्हणून ठेवून गेले.

मग मालकांनी गोदामाशेजारची खोली रिकामी करून 'विसावा कक्ष' उघडला. आत एसी, एक खाट, दोन खुर्च्या, थंड पाण्याचं यंत्र. गरगरल्यासारखं वाटलं तर कुणीही, कुणालाही न विचारता, तिथे जाऊन बसायचं. फीत कापली गेली, फोटो निघाले. पोस्टर बाहेरच्या भिंतीवर वाफेने सुटून येईल म्हणून आतल्या भिंतीवर लावलं.

पहिल्या आठवड्यात ड्रमवाला जेवणाच्या सुट्टीत आत गेला तो संध्याकाळी गादीचे वळ गालावर घेऊन बाहेर आला. कुणी आत पत्ते नेले. कुणी पाण्याच्या यंत्रातून घरी न्यायला बाटल्या भरल्या. मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, सुरक्षा दिली की तुम्ही ती वापरायलाच लागता!" आणि खोलीला कुलूप लागलं.

किल्ली कुणाकडे द्यायची, यावर मात्र मुळीच वाद झाला नाही. मामाकडे.

मामा डाग शोधायचा. रोलरवरून निघालेली चादर खालून दिवा असलेल्या काचेच्या उजेडाच्या टेबलावर पसरायची आणि डाग दिसला की परत पाठवायची, हे त्याचं काम. या कामात त्याने उभी हयात घालवली होती आणि कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. एकदा मालकांच्या घरचा टेबलक्लॉथ त्याने डागासाठी परत लावला होता, तो मालकांचा आहे हे कळल्यावर पुन्हा एकदा नीट पाहिला होता, आणि मग पुन्हा परत लावला होता. अशा माणसाच्या हाती किल्ली आली म्हणजे न्याय आला.

मामा सगळ्यांचा मामा होता, पण खरा मामा एकीचाच. रोलरवर उजव्या बाजूला उभी राहणारी ती त्याची सख्खी भाची. थोरल्या बहिणीची, आक्काची, एकुलती एक मुलगी. लाँड्रीत तिला सगळे भाचीच म्हणत. भाची कामाला चलाख होती, हसरी होती, पण उन्हाची कच्ची. लहानपणी उन्हातून आली की तिच्या नाकातून रक्त यायचं. मागच्या उन्हाळ्यात एकदा घरीच घेरी येऊन पडली होती. म्हणूनच आक्काने तिला कामावर पाठवताना भावाला बजावलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय. बाकी वर्षभर कामाला जुंप, मी काही म्हणणार नाही. पण उन्हाळ्यात जप तिला."

"माझ्या नजरेसमोर तर असणार आहे," मामा म्हणाला होता. ते खरंच होतं. उजेडाच्या टेबलावरून रोलर समोर दिसायचा.

किल्ली हाती आली तशी मामाने आधी पद्धत बसवली. नुसतं 'गरगरतंय' म्हणून चालणार नव्हतं. गरगरणं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मामाचा विश्वास नव्हता. त्याने पट्टीची परीक्षा काढली. किल्ली मागायला येणाऱ्याने कपाळाची पट्टी सोडायची, मामासमोर पिळायची. थेंब पडला तर किल्ली. नाही पडला तर परत कामावर.

"आणि पट्टी पिळायचीही ताकद नसली तर?" वहिनींनी विचारलं.

"तर माणूस इथवर चालत कसा आला?"

"आणि चालत येताच आलं नाही तर?"

"तर मग किल्ली मागितलीच नाही ना त्याने," मामा म्हणाला.

मॅनेजरांना ही पद्धत फार आवडली. शास्त्रीय वाटली. दोनच दिवसांत ड्रमवाल्याने तिचं रहस्य शोधून काढलं. नळाखाली पट्टी भिजवली की थेंब काय, धार लागते. मामाला डाग दिसत. पाणी आणि घाम यांतला फरक त्याला दिसण्याचं कारण नव्हतं. म्हणजे ज्याला आराम हवा तो नळावर जायचा आणि ज्याची खरंच शक्ती गेलेली असायची त्याच्याकडे नळापर्यंत जाण्याचं त्राण नसायचं.

भाची पहिल्यांदा आली तेव्हा तिची पट्टी खरीच निथळत होती. मामाने किल्ली दिली. ती थोडा वेळ खाटेवर पडली, पाणी प्याली, तोंड धुऊन बाहेर आली. घड्यांच्या टेबलावरून वहिनींनी टोमणा टाकला.

"झालं का आजोळ? आमच्या नशिबी कुठलं ग बाई मामाचं घर! सुट्टी लागली की निघाली आजोळी!"

सगळी लाँड्री हसली. भाचीही हसली. मामा मात्र हसला नाही. त्या दिवसापासून विसावा कक्षाला 'आजोळ' हे नाव पडलं. "मी जरा आजोळी जाऊन येतो," ड्रमवाला म्हणायचा. "आजोळी जागा आहे का?" गोदामातून कुणी विचारायचं. आणि प्रत्येक वेळी मामाच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग चालतं. मामाने ही म्हण उलटी चालवायचं ठरवलं. बाकीच्यांच्या पट्टीतून एक थेंब पडला की किल्ली मिळायची, भाचीच्या पट्टीला मामा स्वतः दोन्ही हातांनी पीळ द्यायचा, सगळ्यांना दिसेल असा, आणि तरी म्हणायचा, "अजून थोडं निभेल तुला. जा." ती जायची. लोक पाहायचे. मामा ताठ व्हायचा. न्यायासाठी माणसाला काहीतरी द्यावं लागतं. मामा भाची देत होता.

एका संध्याकाळी आक्काने त्याला घरी गाठलंच.

"काय रे, तिथे थंड खोली काढलीय म्हणे?"

"काढलीय."

"किल्ली तुझ्याकडे?"

"माझ्याकडे."

"मग माझी पोरगी रोज घरी येऊन ओलं फडकं डोक्याला लावून अंधारात का बसते? तिथे कोण झोपतं, तुझे सासरे?"

"आक्का, तुला नाही कळायचं. लोक बोलतात."

"लोक बोलतात म्हणून पोरीने शिजायचं?"

"पंचाईत होते ग. तिला एकदा दिली की सगळे म्हणतात, मामाने दिली. दुसऱ्याला नाही दिली तर म्हणतात, भाचीला देतो. माझ्या नावाला आजवर डाग नाही."

"तुझ्या नावाला डाग नाही ते ठीक आहे. पोरीला काही झालं तर त्या नावाची इस्त्री करून ठेव कपाटात."

भाचीनेच मध्ये तोंड घातलं. "आई, पुरे ना. तिथे मामाला मान आहे. माझ्यासाठी त्याला कुणी बोललेलं मला नाही चालायचं. मी होते ना नीट रोज? झालं तर मग."

मामाला भाचीचा फार अभिमान वाटला. पोरगी शहाणी आहे, असं तो बहिणीला म्हणाला. आणि चहा घेऊन घरी गेला.

मग तो आठवडा आला. तलावाकाठची हॉटेलं गच्च भरली होती. टॉवेलांची गाठोडी पत्र्याला टेकली. त्यातच कळलं, की सुरक्षावाले साहेब विसावा कक्ष पाहायला येणार आहेत. चांगल्या खोलीला बक्षीस आहे. मॅनेजरांनी खोली धुवून पुसून घेतली, खाटेवर नवी गादी आणली आणि तिचं प्लॅस्टिक तसंच राहू दिलं, म्हणजे ती नवी आहे हे दिसावं. "मामा," ते म्हणाले, "साहेब येऊन जाईपर्यंत जरा हात आखडता ठेवा. अगदीच कुणी मरायला टेकलं तर गोष्ट वेगळी."

"मला सांगायला नको," मामा म्हणाला.

दुपारी पत्रा तडतडायला लागला. रोलरच्या वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. भाचीने हातातली चादर जोडीदारणीकडे दिली आणि उजेडाच्या टेबलाकडे चालत आली. ती जरा तिरकी चालत होती. तिथे येणारे सगळेच तसे चालत. तोंड लालबुंद झालं होतं.

"मामा, किल्ली दे."

"पट्टी सोड."

तिने पट्टी सोडायला हात वर केला, पण गाठ तिला सापडेना. मामानेच सोडली. दोन्ही हातांनी पीळ दिला. आणखी दिला. काही नाही. फडकं कोरडं होतं. इस्त्री केल्यासारखं कोरडं आणि गरम.

मामाने ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हे बघ. एक थेंब नाही."

"मामा, मला कसंतरी होतंय."

"कसंतरी म्हणजे कसं?"

भाचीने थोडा विचार केला. "थंडी वाजतेय."

ड्रमवाल्याने ऐकलं आणि तिथूनच ओरडला, "थंडी वाजतेय तर तिला एसीत कशाला पाठवता, मामा? इकडे द्या पाठवून, ड्रमजवळ जागा आहे!"

हशा पिकला. वहिनी हसल्या. आणि त्या दिवशी प्रथमच मामाही हसला. पट्टी कोरडी, वर म्हणे थंडी. इतकं कच्चं निमित्त घेऊन कुणी आलंच नव्हतं. नळावर तरी जाऊन यायचं. शिवाय आज नाही म्हणताना त्याला मनातही काही खटकलं नाही. हे पक्षपात टाळण्यासाठी केलेलं नव्हतं. हे अगदी नियमाप्रमाणे होतं.

"जा, बाळ," तो मायेनेच म्हणाला. "आज तर तुला घामही नाही. छान आहेस तू."

भाचीनेही हसायचा प्रयत्न केला, मान हलवली आणि परत गेली.

तिने चादरीचं टोक धरलं. ते सोडलं. मग चादर नसतानाच दोन्ही हात पुढे करून तिने हवा रोलरकडे सरकवली, अगदी कडा जुळवून. जोडीदारीण म्हणाली, "काय ग?" भाची तिच्याकडे पाहून म्हणाली, "आई, दार लाव ना, वारा येतोय."

"वारा?" वहिनींनी टेबलावरून मान वर केली. त्यांच्या जिभेवर काहीतरी आलेलं होतं, ते तिथेच राहिलं. त्या धावल्या. त्यांनी रोलरची लाल दोरी ओढली. रोलर थांबायला आणि भाची टॉवेलांच्या ढिगावर कलंडायला एकच गाठ पडली.

"मामा, किल्ली!"

किल्ली मामाच्या गळ्यात होती. ती निघेना. मग कुलपात जाईना. ड्रमवाल्याने त्याच्या हातातून ओढून घेतली. दार उघडलं, तशी आतून थंडगार हवा बाहेर आली, दिवसभर कुणीही न वापरलेली. चौघांनी तिला उचलून आत नेलं. फरशी लखलखत होती. आणि मामाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अरे, चपला—"

त्यानेच वाक्य अर्धवट सोडलं.

वहिनींनी तिच्या अंगावर पाणी ओतायला सुरुवात केली. प्लॅस्टिकच्या गादीवर पाणी साचलं आणि कडेने गळायला लागलं. तांब्या भरायला वळल्या तेव्हा समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं. त्या मोठ्याने वाचू लागल्या, काय करावं ते सापडेल म्हणून. "अत्यंत धोक्याची लक्षणं. घाम येणं थांबतं. त्वचा कोरडी आणि गरम होते. थंडी वाजल्यासारखं वाटतं. असंबद्ध बोल—" आणि त्या थांबल्या. पोस्टरवर पुढेही बरंच होतं. होडीत जाकीट घालण्याविषयीही होतं.

ड्रमवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इस्पितळातल्या खाटेवर लाँड्रीचीच चादर होती. कोपऱ्यात फिकट पिवळा डाग होता, मामाच्या नजरेतून एरवी सुटला नसता. मामाने तो पाहिला. आक्का आली, तिने भावाकडे पाहिलं नाही, लेकीच्या पायाशी बसली.

भाची वाचली. हे सांगून टाकलेलं बरं, कारण लाँड्रीतही ते फार लवकर आणि फार आनंदाने सांगून टाकण्यात आलं. वाचली, फक्त हात थरथरायला लागले, बोलताना मधलाच एखादा शब्द हरवायला लागला, आणि तो दिवस तिच्या डोक्यातून पार पुसला गेला. डॉक्टर म्हणाले, यापुढे उष्णतेपासून लांब ठेवा. मॅनेजरांनी हा सल्ला अक्षरशः मानला. "लाँड्रीत सगळीकडे उष्णताच," ते आक्काला म्हणाले. "डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाऊन आम्ही तिला कामावर ठेवलं, तर तो निष्काळजीपणा होईल. तो आम्ही करणार नाही."

चौकशीला सुरक्षावाले साहेब स्वतः आले. खोली होती का? होती. चालू होती का? खणखणीत. किल्ली कुठे होती? जबाबदार व्यक्तीकडे. मग साहेब मामाकडे वळले.

"मुलीने त्रास होतोय असं सांगितलं होतं?"

मॅनेजरांनी मामाकडे पाहिलं. मामाने टेबलाकडे पाहिलं.

"पट्टी कोरडी होती," तो म्हणाला.

"म्हणजे लक्षणं वेळेवर कळवली नाहीत," साहेबांनी त्याचा अर्थ लावला. "असं होतं. कामगार लाजतात, सांगत नाहीत. जागृती कमी पडते आपली." वहिनींना कुणी विचारलं नाही. त्या घड्यांच्या टेबलावर होत्या, आणि टेबल थांबवता येत नव्हतं.

बक्षीस लाँड्रीलाच मिळालं. बाकीच्या खोल्या नुसत्या सजलेल्या होत्या. ही एकच प्रत्यक्ष उपयोगात आलेली होती. कोसळलेल्या मुलीला काही क्षणांत थंड जागी नेलं, हे साहेबांनी भाषणात दोनदा सांगितलं. समारंभ अंगणात होता. पाहुण्यांवर मांडव होता, कामगारांवर सूर्य. 'सुरक्षा मित्र' म्हणून मामाला बोलावलं आणि त्याच्या हाती एक भडक नारिंगी तरंगतं जाकीट दिलं. कचेरीकडे जलसुरक्षेच्या मोहिमेतली बरीच उरली होती. त्याने दोन शब्द बोलावे, असा आग्रह झाला.

मामा माईकसमोर उभा राहिला. जाकीट कुठे ठेवावं हे न कळून त्याने ते पोटाशी धरलं.

"ती किल्ली मागायला आली होती," तो म्हणाला. "मी दिली नाही. मी हसलो."

मग मॅनेजर उठले, माईक आपल्याकडे वळवून घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "पाहा, सगळं नीट करूनही हा माणूस दोष स्वतःकडे घेतोय! सख्खी भाची आहे हो त्यांची!" टाळ्या पडल्या. ड्रमवाल्यानेही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. साहेबांनी डोळे टिपले. खरं बोलायला इतकी सुरक्षित जागा मामाला दुसरी मिळाली नसती.

वहिनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. समारंभ संपल्यावर त्यांनी त्याला फाटकाशी गाठलं.

"इथे बोलून काय मिळवलंत?"

"खरं ते बोललो, वहिनी."

"यांना काय करायचंय खऱ्याचं? जिला हवं तिला सांगा. ती पोरगी सगळ्यांना म्हणत सुटलीय, मी मुकाट बसले, माझीच चूक. परवा मला म्हणाली. मी गप्प बसले. हसले होते ना मीही, कुठल्या तोंडाने सांगू? पण मामा तुम्ही आहात."

मामा तसाच आक्काच्या घरी गेला. वाटेत त्याने वाक्य घोळून ठेवलं. तू आली होतीस, पोरी. तू मागितली होतीस. एवढंच. दोन छोटी वाक्यं. यात शब्द हरवण्यासारखं काही नव्हतं.

भाची खिडकीशी बसली होती. आक्काने तिला हाताला वळण यावं म्हणून रुमालांचा ढीग घडी घालायला दिला होता. कडा जुळत नव्हत्या. मामाच्या हातातलं जाकीट पाहून ती खळखळून हसली.

"हे काय रे मामा? पोहायला निघालास की काय?"

"बक्षीस आहे."

"तुला? बघू! घालून दाखव ना."

"नको ग."

"घाल की! अंगावर कसं दिसतं बघू दे तरी." मामाने घातलं. भाचीने थरथरत्या बोटांनी त्याचे पट्टे ओढून बसवले, एक सुटला तो पुन्हा बसवला. "वा! आता बुडायची भीती नाही तुला." मग ती थांबली. पट्टा हातातच राहिला. "मामा, एक सांगशील? त्या दिवसाचं मला काहीच... काहीच ते नाही... आठवत. मी तुझ्याकडे आले होते का रे?"

मामाने तोंड उघडलं.

"मला वाटतं नसेन आले," तीच पुढे बोलली. "लोक तुला बोलतील म्हणून नसेन आले. वेडीच मी. मॅनेजरही तेच म्हणाले. यायला हवं होतं, नाही का? आले असते तर तू दिली असतीस."

आतून कपबशीचा आवाज आला. आक्का चहा घेऊन येत होती. भाची मामाच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या त्या नजरेत शंका नव्हतीच. लहानपणी उन्हातून आल्यावर नाक वर करून ती अशीच बघायची.

"दिली असतीस ना?"

"दिली असती," मामा म्हणाला.

"बघ," भाची म्हणाली, आणि तिला खरंच सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण तिचा हात क्षणभर थरथरायचा थांबला. "म्हणजे माझंच चुकलं."

आक्का दारात उभी होती. लेक कोसळल्यापासून ती भावाशी बोलली नव्हती. तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

"घे," ती म्हणाली. "उगीच तुला दोष देत होते मी इतके दिवस."

मामाने चहा घेतला.